चीक

खोका उघडला तेव्हा आधी गवताचा वास आला,
मग थंडी.
क्रॉफर्ड मार्केटच्या मे महिन्यात
हातभर थंडी.

आत चेऱ्या. जांभळाकडे झुकलेल्या लाल,
देठासकट, एकीला दुसरीचा धक्का नाही.
वर जाड कागद, घडी घातलेला:
खोरं अमुक, उतार पूर्वेकडचा,
समुद्रसपाटीपासून उंची इतकी,
आणि हे नाव दुसऱ्या कुठल्या चेरीनं
लावायचं नाही, कायद्यानं.
खाली गोल शिक्का, सोनेरी कडेचा.
गावाचं नाव मला वाचता येईना.
शेठ म्हणाले, वाचायचं नसतं, लावायचं असतं.
किलोमागे नऊशे जास्त.

वीस वर्षं खोके फोडतोय.
हापूस म्हणून काय काय विकलं
ते माझ्या बोटांना विचारा, तोंडाला नको.

देठ तुटलेल्या विकत नाहीत.
तशा सात निघाल्या.
डब्यात घातल्या, एक सुटा शिक्काही,
आणि घोडपदेवला मावशीकडे गेलो.

जयवंती मावशीनं सव्वीस वर्षं चेरी केली.
केली म्हणजे केली. झाडावर नाही,
रे रोडच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथं बाजूला जहाजं फोडायचे
आणि मीठ मागायलाही ओरडावं लागायचं.
मुरबाडकडून गोणी यायच्या:
कच्ची करवंदं, हिरवी, काही एका गालावर गुलाबी.
छत्रीच्या काडीचा आकडा
देठातून आत, एक गिरकी, बिया बाहेर.
दिवसाला अठरा किलो.
चिकानं बोटाला बोट चिकटायचं,
रात्री खोबरेल लावून सोडवायची.
मग मीठ, मग चुना, मग पाक,
आणि शेवटच्या पिंपात तो रंग,
जो मनगटापर्यंत चढला तो उतरलाच नाही.
लग्नात मेंदी दिसली नाही म्हणे.
सासूनं भटजींदेखत विचारलं, हिला काय झालंय?

या शहरात ज्याचा ज्याचा वाढदिवस झाला,
पेस्ट्रीवरची ती ज्यानं शेवटाला राखली
किंवा भावाच्या बशीतून पळवली,
मसाला पानावर काडीनं टोचलेली
फक्त तीच काढून जो पान परत देऊ लागला,
त्यानं मावशीचं करवंद खाल्लं.
कुठली, असं कुणी विचारलं नाही.
माझ्या पाचव्या वाढदिवसाला होती.
एकच. केक अर्ध्या पौंडाचा.

मावशीनं चष्मा लावला,
चेरी उजेडाला धरली,
देठाच्या जागी अंगठा दाबला, सवयीनं.
रस आला.
तिनं बोटाला बोट लावून पाहिलं, उचललं.
सहज सुटलं.
"हिला चीक नाही," म्हणाली.
मग खाल्ली. बी गालात फिरवत राहिली
कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत.
"गोड आहे. पण चेरी नव्हे ही.
फसवलं रे तुला."

मी शिक्का दाखवला. कायदा सांगितला.
खोरं, उतार, उंची.
ती ऐकत होती, पोराचा पाढा ऐकावा तशी.
मग म्हणाली, "आमच्या गोणीत कधी पानं यायची,
एकदा सापाची कात आली, अख्खी.
तेवढंच कळायचं,
कुठून आली ते."

उरलेल्या सहा शेजारच्या ओवीला दिल्या.
तिनं डब्यात पाहिलं
आणि विचारलं, केक कुठाय?

पुढच्या रविवारी गेलो
तर शिक्का आरशाच्या कडेला,
मावशीच्या टिकल्यांच्या रांगेत.
तिथल्या जुन्या टिकल्यांचा गोंद गेलाय,
पंखा लावला की एखादी गळते.
मी नखानं शिक्क्याची कड उचलून पाहिली.
जागचा हलेना.
"राहू दे," मावशी आतून म्हणाली,
"त्याला आहे चीक."